लाकडाचा संस्कार

उन्हाळ्याच्या दिवसांत माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी सोडण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. जुडी स्वच्छ धुवायची, दोऱ्याने बांधायची, माठात सोडायची आणि पाण्याला गंध येईनासा झाला की उन्हात वाळवून पुन्हा वापरायची. लोणचे भरण्यापूर्वी बरणीला हिंगाची धुरी द्यायची, हीही तशीच रीत. या साध्या कृतींमागे एक समज आहे. पदार्थ ज्या भांड्यात राहतो आणि ज्या वस्तूच्या सहवासात राहतो, तिचे काहीतरी घेऊनच तो बाहेर पडतो. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात या समजुतीला शास्त्राचे रूप मिळालेले दिसते. आहाराचा विचार ज्या आठ अंगांनी करावा असे तिथे सांगितले आहे, त्यांपैकी एक अंग ‘करण’ हे आहे. आणि करण म्हणजे द्रव्यावर केलेला संस्कार, त्याच्या ठिकाणी नव्या गुणाची स्थापना. हा नवा गुण कशाकशाने येतो, याची यादीही तिथे आहे. पाणी आणि अग्नी, धुणे आणि घुसळणे, स्थळ आणि काळ, गंधाने वासित करणे, दीर्घकाळ तसेच राहू देणे आणि ज्यात पदार्थ ठेवला ते पात्र. पाककृतीत सहसा उल्लेखिले न जाणारे घटक, म्हणजे काळ आणि पात्र, या यादीत अग्नीच्या बरोबरीने बसले आहेत.

युरोपात बीअर आणि ओकचे लाकूड यांचा जो संबंध जडला, तो समजून घ्यायला ही यादी फार उपयोगी पडते. जवाला मोड आणून, तो भाजून, त्याचा काढा करून, त्यात हॉप्सची कडू फुले उकळून आणि यीस्टने आंबवून तयार होणारे हे पेय शतकानुशतके ओकच्या पिंपांत आंबले, मुरले, वाहून नेले गेले आणि विकले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंपे धातूची झाली आणि लाकूड मागे पडले. त्यानंतर एक वेगळीच गोष्ट घडली. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आपल्या स्वयंपाकघरात किंवा तळघरात हौसेने बीअर करणारे लोक ओकच्या भाजलेल्या ढलप्या विकत आणू लागले आणि मलमलीच्या पिशवीत बांधून पोलादाच्या किंवा काचेच्या पात्रात सोडू लागले. माठात वाळा सोडावा, तशीच ही कृती. पूर्वी पेय लाकडाच्या पोटात असे; आता लाकूड पेयाच्या पोटात गेले. या उलथापालथीत काय टिकले आणि काय हरवले, हा प्रश्न बीअर न पिणाऱ्यालाही विचार करण्याजोगा वाटावा.

मराठी वाचकाला ओक हा शब्द बहुधा आडनावामुळे ओळखीचा असतो, आणि त्या आडनावाचा या झाडाशी काही संबंध नाही. सह्याद्रीत ओक उगवत नाही. हिमालयात मात्र त्याचे कुळ भरभराटीला आले आहे. कुमाऊं-गढवालमधला बांज, त्याहून उंचावरचे मोरू आणि खरसू हे सारे ओकच. तिथल्या स्त्रिया त्याचा पाला गुरांना घालतात, त्याचे लाकूड चुलीला आणि नांगराला लागते आणि बांजाच्या बनाखाली पाण्याचे झरे टिकतात असा तिथला दृढ अनुभव आहे. परंतु ओकशी मराठी माणसाचा एक निकटचा संबंध याहूनही वेगळ्या वाटेने आलेला आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात नसतो. बाळगुटीत जे मायफळ उगाळतात, ते फळ नव्हेच. पश्चिम आशियातल्या एका ओकच्या डहाळीवर एक बारीक गांधीलमाशी अंडे घालते आणि त्याभोवती झाड जी गाठ बांधते, ती गाठ म्हणजे मायफळ. तिच्यात टॅनिन ठासून भरलेले असते. सहाणेवर मायफळाचा एखादा वेढा देऊन ते चाटण तान्ह्याच्या ओठाला लागले की जो तुरटपणा त्याच्या जिभेला कळतो, तो ओकचा तुरटपणा होय. युरोपातला माणूस ज्या चवीला प्रौढपणी पिंपातून भेटतो, ती इथल्या बाळाला बाराव्या दिवसानंतर केव्हातरी भेटून गेलेली असते. वेढा किती द्यायचा, हे आजीला ठाऊक असते; एक वेढा औषध, चार वेढे अपाय. हे प्रमाणाचे भान पुढे पुन्हा आठवावे लागणार आहे.

पिंपासाठी ओकच का, याचे उत्तर त्याच्या अंतर्रचनेत आहे. झाडाच्या खोडातून पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या लाकडात असतात. त्या उघड्या राहिल्या तर लाकडातून द्रव झिरपणारच. उत्तर अमेरिकेत आढळणाऱ्या तांबड्या ओकच्या काठीचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकर मारली, तर पाण्यात बुडबुडे येतात. पांढऱ्या ओकचे तसे नसते. त्याच्या गाभ्यातल्या नळ्या झाड स्वतःच फुग्यासारख्या वाढींनी बुजवून टाकते; वनस्पतिशास्त्रात त्यांना टायलोसिस म्हणतात. शिवाय खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणारे रुंद मज्जाकिरण फळीतून आरपार द्रव जाऊ देत नाहीत. अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकमध्ये ही बुजवणूक इतकी भरपूर असते की त्याच्या फळ्या करवतीने कापल्या तरी चालतात. युरोपातल्या दोन प्रमुख जातींचे लाकूड मात्र धाग्याच्या दिशेने फोडूनच काढावे लागते. करवतीने धागा तुटला की पिंप गळते. एकाच कुळातल्या दोन लाकडांशी वागण्याच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या लाकडानेच ठरवून दिलेल्या आहेत.

फोडलेल्या फळ्या लगेच वापरत नाहीत. त्या उघड्या आभाळाखाली रचून ठेवतात. दोन वर्षे, तीन वर्षे त्यांच्यावर ऊन, पाऊस आणि हिम पडते. पावसाने कच्चे टॅनिन धुऊन निघते, बुरशी आपले काम करते, लाकूड करडे पडते. भट्टीत वाळवले तर लाकडातले पाणी जाते. उग्रपणा मात्र पुरता जात नाही. मग कूपर, म्हणजे पिंपे घडवणारा कारागीर, फळ्यांना मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद असा घाट देतो, त्यांना वर्तुळात उभे करतो, मध्ये लाकडाच्याच तुकड्यांचा जाळ करतो आणि ऊब लागून फळ्या नमू लागल्या की कडी ठोकून त्यांना आवळत जातो. खिळा नाही, सरस नाही. फळ्यांच्या कडा एकमेकींना इतक्या नेमक्या भिडल्या पाहिजेत की द्रवाने फुगून त्या स्वतःच सांधा बंद करतील. हे माप नजरेने घ्यायचे असते. पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी याने आल्प्सच्या परिसरातले लोक मद्य कड्यांनी आवळलेल्या लाकडी पात्रांत ठेवतात अशी नोंद करून ठेवली आहे. म्हणजे ही विद्या तेव्हाही जुनी होती. इंग्लंडमध्ये उमेदवारीची वर्षे पूर्ण झाली की शिकाऊ कूपरला त्यानेच केलेल्या पिंपात घालून, काजळी, भुसा आणि बीअर यांनी माखून आवारभर लोळवत नेण्याची प्रथा होती. व्यवसायात प्रवेश करण्याचा हा विधी गमतीचा खरा. पण आपण केलेल्या वस्तूच्या आत एकदा तरी राहून यावे, हा त्यातला संकेत विसरण्याजोगा नाही.

फळी वाकवण्यासाठी केलेल्या त्या जाळातच सगळ्या चवीचे मूळ आहे. ओकचे लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन द्रव्यांचे बनलेले असते. उष्णतेने हेमिसेल्युलोजचे विघटन होऊन त्यातल्या शर्करा करपतात आणि कॅरमेलचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो. लिग्निन तुटले की व्हॅनिलिन मुक्त होते. व्हॅनिलाच्या शेंगेत जे असते तेच द्रव्य. आच आणखी वाढली की धुराचा, लवंगेचा वास देणारी संयुगे येतात. ओकमध्ये मुळातच असलेली लॅक्टोन नावाची द्रव्ये ओल्या खोबऱ्याची आठवण करून देतात, आणि ती अमेरिकी ओकमध्ये अधिक. युरोपी ओकमध्ये टॅनिन अधिक. जाळाचे काम फळी वाकवण्याचे. चव हे त्याचे अनाहूत फळ.

आणि हे फळ बीअर करणाऱ्यांना नको होते. आजच्या हौशी माणसाला ही गोष्ट ऐकून आश्चर्य वाटते, पण इतिहास स्पष्ट आहे. नवे पिंप आले की ब्रिटिश ब्रुअरीत त्यात उकळते पाणी आणि वाफ सोडून, कधी सोड्यासारखी क्षारद्रव्ये वापरून, लाकडाचा गुण आधी काढून टाकत. बाल्टिक समुद्राच्या काठावरील मेमेल बंदरातून येणारा ओक त्यांना पसंत होता, कारण तो बीअरला फारसे काही देत नसे. अमेरिकी ओकला त्यांनी नाके मुरडली ती त्याच्या वासामुळेच. बोहेमियातल्या पिल्झेन येथे तर पिंपांना आतून राळेचा लेप देत. लाकूड आणि बीअर यांची भेटच होऊ नये, अशी ती तजवीज होती. त्या काळच्या दृष्टीने उत्तम पिंप म्हणजे बीअर सांभाळणारे आणि स्वतःविषयी एक अक्षरही न बोलणारे पिंप. एखाद्या जुन्या घरातल्या विश्वासू कारभाऱ्याकडून जी अपेक्षा असे, तीच ही.

या संदर्भात मुंबईचे नाव एका गैरसमजाच्या निमित्ताने येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या ब्रुअरीतून आणि १८२० च्या दशकापासून बर्टन-अपॉन-ट्रेंट येथून, हॉप्सचा सढळ वापर केलेली फिकट रंगाची बीअर मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या बंदरांकडे रवाना होत असे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, त्यात दोनदा विषुववृत्त ओलांडणे, जहाजाच्या पोटातली ऊब आणि हेलकावे. बीअर मुरायची ती या वाटेवर. पुढे तिला इंडिया पेल एल असे नाव पडले. ती ओकच्या पिंपांतून आली, म्हणून तिला ओकची चव असणारच, असा तर्क करून अनेक हौशी लोक आपल्या इंडिया पेल एलमध्ये ढलप्या टाकतात आणि आपण इतिहासाशी इमान राखले असे समजतात. वास्तविक ती पिंपे अबोल लाकडाचीच होती. प्रवासाने आणि काळाने त्या बीअरवर जो संस्कार केला, तो ओकच्या नावे जमा झाला. साहित्याच्या इतिहासातही असे घडते. एखाद्या कवीच्या भाषेतली जी कळा त्याच्या जगण्याने आलेली असते, ती त्याच्या गुरूच्या खाती मांडली जाते, आणि मग पुढचे कवी गुरूचे शब्द उचलून ती कळा आणू पाहतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये धातूच्या पिंपांनी झपाट्याने जागा घेतली. ती धुवायला सोपी, वजनाला हलकी, दुरुस्तीचा खर्च नाही. लाकडी पिंपातली बीअर टिकावी म्हणून १९६३ साली तिथे एक संस्थाही स्थापन झाली. पण १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅम्रा’ या मोठ्या ग्राहक चळवळीने लाकडाचा आग्रह धरला नाही. पिंपात बीअर जिवंत असावी, तिचे आंबणे तिथे चालू असावे, एवढे तिने मागितले. पिंप धातूचे चालेल, असे ठरले. हा निर्णय व्यवहाराला धरून होता आणि लाकडी पिंपांच्या इतिहासालाही, कारण त्या पिंपांचा गुण न बोलण्यातच होता. त्यात भरडला गेला तो कूपर. बर्टनची ओळख बनलेली, ओकची पिंपे एका रांगेत जोडून त्यांत बीअर आंबवण्याची पद्धत मार्स्टन्स या ब्रुअरीने २०२४ पर्यंत चालवली आणि त्या वर्षी बंद केली. त्यातला एक संच डर्बीशरमधल्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने आपल्याकडे नेऊन पुन्हा कामाला लावला, एवढेच समाधान.

लाकडाची चव हवीशी वाटू लागली ती अटलांटिकच्या पलीकडे. तिथे बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओकच्या पिंपातच मुरवली पाहिजे असा नियम १९३० च्या दशकापासून आहे. नियमातल्या ‘नव्या’ या एका शब्दामुळे दरवर्षी असंख्य पिंपे एकदा वापरून बाजूला पडू लागली. त्यांतली बरीच स्कॉटलंडला गेली. १९९० च्या दशकात शिकागोतल्या एका ब्रुअरीने अशा पिंपांत काळी, जड, तीव्र बीअर मुरवून पाहिली. व्हॅनिला, खोबरे आणि कोळशाच्या धगीची आठवण घेऊन ती बाहेर आली, आणि पाहता पाहता हा प्रकार रूढ झाला. आधी ज्या बोलकेपणामुळे अमेरिकी ओक नाकारला गेला होता, तो बोलकेपणाच आता गुण ठरला. दोष आणि अलंकार यांतले अंतर अनेकदा एका पिढीचे असते.

याच सुमारास घरी बीअर करणाऱ्यांचा वर्ग मोठा झाला होता. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बीअरला परवाना लागे. तो १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ साली उठली, तरी घरगुती बीअर बेकायदा राहून गेली होती. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ती मोकळी झाली. प्रौढ व्यक्तीला वर्षाला शंभर गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला दोनशे, असे माप ठरले. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे या छंदाची इथे वार्ताच तेवढी पोचते. पण कायद्याने विक्री वगळल्यामुळे त्या हौशी माणसाच्या कामाला एक निर्मळपणा आला, हे लक्षात घ्यावे. त्याला ग्राहक नाही, घाई नाही, आणि बिघडले तर तक्रार करणाराही तोच.

दोनशे लिटरचे पिंप त्याला परवडत नाही. लहान पिंप घ्यावे तर भूमितीची अडचण येते. पात्र लहान होत जाते तसे दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग वाढतो. वीस लिटरच्या पिंपात तो दोनशे लिटरच्या पिंपाच्या दुपटीहून अधिक भरतो. चव लवकर उतरते, पण फळ्यांतून आत येणारी हवाही त्याच मानाने वाढते, आणि बीअर मुरण्याआधीच शिळी होते. म्हणून तो लाकूड वेगळे आणतो. इमारती लाकडाचे तुकडे चालत नाहीत. त्यावर रसायने असू शकतात, शिवाय ते उघड्यावर मुरलेले नसते. पिंपासाठी तयार केलेल्या पांढऱ्या ओकच्या ढलप्या किंवा ठोकळे तो घेतो. ढलपी पातळ असते, आपले सर्वस्व आठ-पंधरा दिवसांत देऊन टाकते आणि तिची चव एकसुरी असते. बोटाच्या पेराएवढा ठोकळा दोन-तीन महिने देत राहतो. त्याच्या पृष्ठभागावर आच अधिक लागलेली असते आणि आत कमी, त्यामुळे बीअर जसजशी आत शिरते तसतशी तिला वेगवेगळी पुटे भेटतात. कोरे लाकूड असेल तर तो ते स्वतः भट्टीत भाजतो. साधारण पावणेदोनशे ते दोनशे अंश सेल्सिअसला व्हॅनिलाचा वास घरभर दरवळतो. त्यापुढे आच चढवली की भाजकेपणा, आणि आणखी पुढे कडवट धूर. भगर भाजताना किंवा बेसन परतताना जो क्षण ओळखावा लागतो, तोच इथेही नाकाने ओळखायचा.

लाकडाच्या छिद्रांत जंतू लपून राहतात, म्हणून ठोकळे वाफवून घ्यायचे किंवा काही मिनिटे उकळायचे. उकळल्याने पहिला उग्र तुरटपणा पाण्यात उतरतो आणि ते पाणी फेकून देता येते. काही जण ठोकळे व्हिस्कीत भिजत घालतात. त्याने जंतूही मरतात आणि बर्बनच्या पिंपाची थोडी याद बीअरला मिळते. वीस लिटर बीअरला तीस ते साठ ग्रॅम लाकूड पुरे होते. ते मलमलीच्या पिशवीत घालून, लाकूड तरंगू नये म्हणून सोबत काचेच्या गोट्या टाकून, आंबण्याचा पहिला जोर ओसरल्यावर पात्रात सोडायचे. हलक्या, फिकट बीअरला हा भार पेलत नाही. स्टाउट, पोर्टर किंवा मुरवायची तीव्र एल असेल तर पेलतो.

यानंतरचे काम थांबण्याचे. आठवड्याने एक घोट काढून पाहायचा. पहिल्या आठवड्यात लाकूड वेगळे लागते आणि बीअर वेगळी, जणू नव्या सुनेने आणि घराने अजून एकमेकांशी बोलायला सुरुवात केलेली नाही. पुढे केव्हातरी टोके बोथट होतात. नेमके कधी थांबायचे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिता येत नाही. पिशवी लवकर काढली तर परत घालता येते; उशीर झाला तर आलेला तुरटपणा काढून घेता येत नाही. त्यावर एकच उपाय असतो, लाकूड न लागलेली बीअर तिच्यात मिसळायची. आणि जाणता माणूस त्यासाठी थोडी बीअर आधीच बाजूला ठेवतो. सहाणेवरचा वेढा मोजणाऱ्या आजीचे भान ते हेच.

तरीही पिशवीतले लाकूड पिंपाची बरोबरी करते का, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधायला बेल्जियमकडे पाहावे लागते. ब्रुसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक नावाची बीअर जुन्या पिंपांत एक ते तीन वर्षे राहते. ही पिंपे बहुधा आधी वाइनसाठी वापरलेली. त्यांची लाकडाची चव केव्हाच संपून गेलेली असते, आणि तेच हवे असते. लॅम्बिकला हवी असते ती त्या लाकडातली वस्ती. फळ्यांच्या सांध्यांत आणि छिद्रांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले सूक्ष्मजीव, त्यांतले ब्रेटानोमायसीस नावाचे यीस्ट, बीअरला आंबट, मातकट, गुंतागुंतीचे करत जातात. या यीस्टचा शोध १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी जाहीर केला तो इंग्लिश बीअरचा अभ्यास करताना, आणि त्याच्या नावाचा अर्थच ब्रिटिश बुरशी असा आहे. म्हणजे ज्या अबोल पिंपांविषयी वर सांगितले, ती अगदीच अबोल नव्हती. त्यांचे लाकूड गप्प होते, रहिवासी गप्प नव्हते. रूसेलारे गावच्या रोडेनबाख ब्रुअरीत माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचे जवळपास तीनशे ओकचे हौद उभे आहेत, आणि त्यांत दोन-दोन वर्षे मुरलेली आंबट बीअर ताज्या बीअरमध्ये मिसळतात. कोणत्याही दोन हौदांची चव सारखी नसते. ते हौद म्हणजे भांडी खरीच, पण त्यांना स्वभाव आहे, आणि तो कोणी घडवलेला नसून वापराने जडलेला आहे.

ढलप्या हे देऊ शकत नाहीत. त्या लाकडाची चव देतात. त्याचा श्वास देत नाहीत आणि त्याची वस्तीही देत नाहीत. अलंकार आणि संस्कार यांतला भेद इथे स्वच्छ दिसतो. अलंकार वरून घालता येतो, मोजून घालता येतो, नकोसा झाला तर काढून ठेवता येतो. संस्कार सहवासाने होतो आणि त्यात दोन्ही बाजू बदलतात. पिंप बीअरला घडवते आणि बीअरही पिंपाला घडवत जाते. लेखनातही म्हणी, जुने शब्द, ओवीचा ठसका अशा ढलप्या विकत आणून टाकता येतात. वाचकाला पहिल्या घोटाला परंपरेचा भास होतो, दुसऱ्या घोटाला लाकूड वेगळे लागते. इतकी गोष्ट मान्य केल्यावर हौशी माणसाला नक्कलकार म्हणून निकालात काढणे सोपे होते.

पण हा निकाल घाईचा ठरेल. ज्या परंपरेची तो नक्कल करतो असे म्हणावे, तिला ही चव नकोच होती. मग नक्कल कशाची? बर्बनच्या पिंपाचे महत्त्व एका कायद्यातल्या एका शब्दाने वाढले, तिथे मूळ आणि अनुकरण यांची रेघ नेमकी कुठे ओढायची? आणि ठोकळ्यांनी केलेली बीअर नीट पाहिली तर तिच्यात दोन गोष्टी उसन्या नाहीत. एक तिला दिलेला काळ, आणि दुसरी ती वारंवार चाखून पाहणाऱ्याचे अवधान. चरकाच्या यादीतले पात्र त्या माणसाजवळ नाही. काळ आहे, अग्नी आहे, वासित करणे आहे. जे हाती नाही त्याची भरपाई त्याने लक्ष देऊन केली आहे. शिवाय अनेक जण वापरलेले ठोकळे फेकून देत नाहीत. आंबट बीअरच्या पात्रातले ठोकळे पुढच्या पात्रात टाकतात, म्हणजे त्यांच्या छिद्रांत शिरलेले सूक्ष्मजीव नव्या बीअरला विरजणासारखे लागतात. दोन-चार वर्षे हा क्रम चालला की त्या मूठभर लाकडाची चव संपते, आणि वस्ती सुरू होते. मराठी घरांत जसे विरजण एका घरातून दुसऱ्या घरात वाटीने जाते, तसे हे ठोकळेही मित्रामित्रांत दिले-घेतले जातात. अलंकार म्हणून आलेली वस्तू अशा रीतीने संस्काराच्या वाटेला लागते.

फ्रान्सच्या मध्यभागी आल्ये प्रांतात त्रॉन्सेचे ओकवन आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६९ मध्ये अरण्यांविषयी जो वटहुकूम काढला, त्यामुळे या वनाची शिस्तबद्ध जोपासना सुरू झाली. हेतू आरमाराचा होता. सरळ, उंच ओक वाढावेत आणि त्यांतून युद्धनौका बांधल्या जाव्यात, म्हणून झाडे दाट ठेवून त्यांना उजेडासाठी वर जायला लावले. ओक तयार व्हायला दीडशे ते दोनशे वर्षे लागतात. ते तयार होईतो जहाजे लोखंडाची झाली होती. जहाजाविना राहिलेले ते बारीक धाग्याचे लाकूड पिंपांना उत्तम ठरले, आणि आज त्या वनाचे नाव वाइनच्या पिंपांमुळे जगभर घेतले जाते. कोल्बेरच्या काळातले काही वृक्ष तिथे अजून उभे आहेत. लावणाऱ्याने ठरवलेला उपयोग झाला नाही. लावणे मात्र वाया गेले नाही. तशाच एखाद्या वनातल्या, पिंपाची फळी घडवताना उरलेल्या लाकडाचा लहानसा ठोकळा आज कुठल्यातरी घराच्या तळघरात, काचेच्या पात्राच्या तळाशी मलमलीच्या पिशवीत पडलेला असतो. पात्रावर तारखेची चिठ्ठी डकवलेली असते, आणि रविवारी एक घोट काढून चाखायचा असतो.